डोंगरावरचा नळ

अण्णा,

तुमच्या तेराव्याला घाटकोपरहून तुमच्या जुन्या गल्ल्यांमधली माणसं आली होती. दिंडोशीच्या आपल्या दोन खोल्यांत मावेनात, तेव्हा महेशने सोसायटीच्या ऑफिसमधून सतरंज्या आणून बाहेर पॅसेजमध्ये अंथरल्या. जो तो तुमच्या चावीबद्दल बोलत होता. पाणी खात्याची ती छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून तुम्ही पहाटे डोंगर चढायचात, कुठल्या गल्लीचा वॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा हे तुम्हाला कागदाशिवाय पाठ होतं, जमिनीखालची लाइन फुटली की सळईचं एक टोक रस्त्याला आणि दुसरं कानाला लावून तुम्ही गळती शोधायचात, असं सगळं. एक म्हातारी म्हणाली, "चावीवाले बरेच आले आणि गेले, पण अण्णांची ड्युटी असली की आम्ही निवांत असायचो." आई तेवढ्यापुरत्या हसल्या.

मी चहाचे कप उचलत गप्प ऐकत होते. मला सांगायचं होतं की रिटायर झाल्यावरची दोन वर्षं तुम्ही आणखी एका गावाचं पाणी बघत होतात. पण ते गाव, तो डोंगर, ती नदी फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि सतरंजीवर बसलेल्या माणसांना ते कसं समजावणार होते? शिवाय सांगायला लागले असते तर आपलं भांडणही सांगावं लागलं असतं. मी तुमच्याशी खोटं बोलले, वर तुम्हाला नको ते बोलले, आणि माफी मागायच्या आत तुम्ही गेलात. हे पॅसेजमध्ये उभं राहून सांगण्यासारखं नाही. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

लग्न होऊन आले तेव्हा आपलं बोलणं असं नव्हतंच. तुम्ही "जेवलंस?" विचारायचात, मी "हो अण्णा" म्हणायचे, संपलं. मग तुम्ही रिटायर झालात आणि त्याच सुमाराला मला आठवड्यातले तीन दिवस घरून काम सुरू झालं. हॉलमध्ये माझं टेबल, गॅलरीच्या दारात तुमची खुर्ची. दुपारी आई भजनी मंडळात गेल्या की घरात आपण दोघंच. पहिले काही दिवस तुम्ही तोच पेपर पुन्हा पुन्हा वाचलात. एके दिवशी मागून आवाज आला, "मधुरा, तुका पगार कसलो देतत गो?"

"पाण्याचा," मी म्हटलं.

"माझी गम्मत करतस?"

"नाही हो. मरोळला आमच्या ऑफिसात खेळ बनवतात ना, त्यातला एक खेळ म्हणजे अख्खं जग आहे. डोंगर, जंगल, गाव, समुद्र. त्या जगातलं पाणी कसं फिरतं ते मी बघते."

तुम्ही खुर्ची ओढत आणलीत आणि माझ्या पाठीमागे मांडलीत. "माका पण पाण्याचोच देत होते," म्हणालात. "दाखव."

मी दाखवलं. आमचं जग म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखे लाखभर चौकोन. प्रत्येक चौकोनाची उंची ठरलेली आणि प्रत्येकात पाण्याचा एक आकडा. समुद्राच्या चौकोनांवर ऊन पडलं की तिथला आकडा थोडा कमी होतो आणि वरच्या हवेचा वाढतो. ती ओली हवा वारा जमिनीकडे ढकलतो. डोंगर आडवा आला की हवा वर चढते, गार होते, तिला एवढं पाणी पेलवत नाही आणि ती ते सोडून देते. झाला पाऊस. पडलेलं पाणी आपल्या शेजाऱ्यांत सगळ्यात खोल चौकोन कुठला ते बघतं आणि तिकडे सरकतं. असं सरकत सरकत पुन्हा समुद्र. शाळेच्या पुस्तकातलं चित्र, फक्त हलणारं.

तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं डोळा लागला. तर म्हणालात, "समुद्रातसून जेवढा वर गेला, तेवढाच खाली इला ना? मधी गळती नाय?"

अण्णा, हा प्रश्न मला तोवर ऑफिसात कोणी विचारला नव्हता. मी हसून "नाही" म्हटलं आणि तुमच्या समाधानासाठी सगळ्या जगाची बेरीज मारून दाखवली. ती कमी आली. पुन्हा मारली, आणखी कमी. दर फेरीला चिमूटभर पाणी हरवत होतं, कारण हिशोब सोपा करायला मी पॉइंटनंतरचे आकडे कापून टाकत होते. पाचशे वर्षं हा खेळ चालला असता तर समुद्र आटला असता. तुम्ही मांडीवर थाप मारलीत आणि त्या दिवशी येईल त्याला सांगत होतात, की सळई न लावता गळती काढली. तेव्हापासून ती खुर्ची माझ्या मागेच राहिली.

काय बोलायचो आपण! महेश रात्री घरी आला की म्हणायचा, तुम्हा दोघांचं काय चाललेलं असतं, मला तर अण्णांनी दहा वर्षांत एवढी वाक्यं टाकली नाहीत. खरं तर तुम्ही भांडायचातच जास्त. ढग फार लवकर रिकामे होतात. वारा रोज एकाच दिशेने कसा? तुझ्या गावातल्या बायका नदीवर सकाळीच का जातात, दुपारी पण जातत. मी म्हणायचे, अण्णा, त्या बाहुल्या आहेत. तुम्ही म्हणायचात, मग बाहुल्यांका तहान कित्याक लावलंस?

आणि एकदा तुम्ही नदीवर बोट ठेवलंत. आमच्या जगात पाऊस थांबला की चौथ्या दिवशी नदी कोरडी पडायची. पडलं ते सगळं घसरत समुद्रात. "जमीन काय प्लास्टिकची हा?" तुम्ही विचारलंत. "आमच्या गावचो व्हाळ चैतापर्यंत वाहता. पाऊस तर दसऱ्याक जाता. मग मधले सहा महिने त्या पाणी खंयसून येता?"

मला शब्द माहीत होते, कॉलेजात शिकलेले. पण मला ते कळलं तुम्ही आईंची रोवळी आणलीत तेव्हा. दुपारच्या भाताचे तांदूळ तुम्ही तिच्यात धुतलेत, वरून तांब्याभर पाणी ओतलंत आणि रोवळी परातीवर धरून उभे राहिलात. आधी पाणी धो धो खाली आलं. मग धार, मग बारीक धार, मग थेंब. हातातलं घड्याळ बघत तुम्ही म्हणालात, "ओतणा थांबवून पाच मिनटा झाली. गळताच हा ना? जमीन ही अशी. आधी पिता, मग पोटातला हळूहळू सोडता. पाऊस गेल्यावर नदी पावसाचा पाणी वाहत नाय गो, जमनीचा वाहता." तेवढ्यात आई आल्या आणि सांडलेले तांदूळ बघून आपल्या दोघांनाही बोलल्या.

मी ते केलं, अण्णा. प्रत्येक चौकोनाच्या खाली एक पोट दिलं. किती पाणी मावेल आणि किती सावकाश सुटेल असे दोन आकडे, आणि कोडमध्ये त्याला नावच दिलं 'रोवळी'. नदी पावसानंतर वाहायला लागली. पण सगळा खेळ अडखळायला लागला. लाखभर चौकोनांची पोटं क्षणाक्षणाला तपासायची म्हणजे मशीनला धाप लागायची. त्यात आमचा टीम लीड कुणाल मागे लागला की शुक्रवारी बाहेरची माणसं बघायला येणार आहेत, मला वाहती नदी पाहिजे आणि अडखळणारा खेळ नको. मी गुरुवारी रोवळी काढून टाकली. डोंगरमाथ्यावरच्या एका चौकोनाला सांगितलं, तुझ्यातलं पाणी कधीच संपायचं नाही. म्हणजे सरळ सरळ नळ. दोन दिवसांची सोय, सोमवारी काढू. असे किती सोमवार गेले ते मला माहीत आहे.

एका पापाला दुसरं लागतंच. वरून फुकटचं पाणी येत राहिलं तसा समुद्र चढायला लागला आणि किनाऱ्यावरच्या झोपड्या बुडाल्या. मी समुद्राच्या तळाला एक भोक पाडलं. जास्तीचं पाणी तिथून नाहीसं व्हायचं. वरचं येणं आणि खालचं जाणं असं जुळवलं की बेरीज चोख. कुणाल म्हणाला, झकास.

तुम्हाला मी पाऊस बंद करायचं बटण शिकवलेलं होतं. मी बेडरूममध्ये ऑफिसच्या मीटिंगवर होते, तेव्हा तुम्ही तुमची जुनी रीत वापरलीत. गळती शोधायची तर आधी सगळे वॉल्व्ह बंद करायचे आणि मग काय वाहतंय ते बघायचं. मी बाहेर आले तर आमच्या जगात चार महिने पाऊस नव्हता आणि नदी मजेत वाहत होती.

"ह्या पाणी येता खंयसून?" तुम्ही विचारलंत.

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. तुम्ही रागावला नसतात, हसला असतात. पण मीटिंगमध्ये डोकं उठलं होतं, तुमच्या प्रश्नामागून दहा प्रश्न येणार हे माहीत होतं, आणि मी म्हटलं, "जमिनीतून, अण्णा. तुमची रोवळी."

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही उठलात. आत गेलात आणि आईंना सांगितलंत. मग खाली बागेत तुमच्या मंडळींना सांगितलंत. वॉचमनला सांगितलंत. गावाहून फोन आला तर भावाला सांगितलंत की आपलो व्हाळ आता कॉम्प्युटरमधी गेलो, सुनेनं घातलान. मी टेबलापाशी बसून हे सगळं ऐकत होते आणि प्रत्येक वेळी खरं सांगणं जास्त अवघड होत होतं.

पण तुम्ही चावीवाले. तुम्हाला किती दिवस फसवणार? तुम्ही रोज पाऊस बंद करून बसायला लागलात. आमच्या जगातला महिना तुमच्या एका चहात संपतो. प्रत्येक महिन्याला गावापाशी नदी किती चौकोन रुंद आहे ते तुम्ही जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावर लिहीत होतात, आणि मी ते कौतुकाने बघत होते. आठवड्याने तुम्ही ते पान माझ्यापुढे ठेवलंत. सगळीकडे सात. सात, सात, सात.

"रोवळी गळता ती कमी कमी होत जाता," तुम्ही म्हणालात. "ही नदी कमीच होत नाय. हो नळ असा, मधुरा."

त्या दिवशी महेशही घरी होता. मी त्याच्यासमोर उघडी पडले म्हणून असेल, मी उलट चढ्या आवाजात सगळं सांगून टाकलं. नळ, समुद्राचं भोक, सगळं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "वर नळ, खाली मोरी. ही नदी नाय गो, ही न्हाणी." महेश हसला. मला तो हशा झोंबला.

"कोणाला कळणार आहे, अण्णा?"

"पाणी असा खंयसून पण येत नाय. एकाक जास्त मिळाला की कोणाचा तरी कमी होताच."

"इथे कोणाचंही कमी होत नाही. हा खेळ आहे!"

"मग झोपड्यो कश्यो बुडल्यो? आणि जमनीक घाई नसता, तिका रोज कित्याक बघतस..."

मी तुम्हाला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, "अण्णा, तुमचं काम चावी फिरवायचं होतं. पाणी बनवायचं नव्हतं. ते मला करू द्या."

महेशचं हसणं थांबलं. तुम्ही "बरोबर हा" म्हणालात. उठलात, खुर्ची उचललीत, ओढली नाहीत, उचललीत, आणि गॅलरीत नेऊन ठेवलीत. मला वाटलं दोन दिवसांनी याल. मीही ताठ्यात होते. तुम्ही मोठे, तुम्हीच या, असं काहीतरी खुळ्यासारखं डोक्यात होतं. चार आठवडे मी तुमच्या पाठीकडे बघत काम केलं. तुम्ही जेवलंस का विचारत होतात, मी हो अण्णा म्हणत होते. महेश एकदा म्हणाला, सॉरी म्हणून टाक ना यार, काय जातंय तुझं. काहीच जात नव्हतं. तरी नाही म्हटलं.

मग हॉस्पिटलातले ते आठ दिवस. वॉर्डमध्येसुद्धा तुम्ही सलाइनच्या नळीवरची छोटी चाकी फिरवलीत आणि सिस्टरच्या शिव्या खाल्ल्यात. "धार जास्त होती," तुम्ही मला सांगितलंत, भांडणानंतरचं पहिलं धड वाक्य. मी हसले आणि मला रडू आलं. सहाव्या दिवशी महेश औषधं आणायला गेला होता, आई घरी होत्या, तुमच्याजवळ मी एकटी होते. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "तुझ्या नदीचा काय?"

एवढी सरळ वाट करून दिलीत तुम्ही मला. मी म्हटलं, "चाललंय, अण्णा. चहा देऊ का थोडा?" तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. मी तो चहा स्वतःच प्यायले, गार झालेला. नंतरचे दोन दिवस तुम्हाला बोलता येत नव्हतं.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी मरोळला गेले. कुणालला म्हटलं, नळ काढायचाय. तो म्हणाला, "मधुरा, आत्ता? रिलीजची वाट लागेल. सहा महिने चाललंय ना, कोणाला कळलं का?" मी म्हटलं, एकाला कळलं होतं. तो तुमच्या बातमीने आधीच हळवा झालेला, म्हणाला गुरुवारपर्यंत बघ, नाही जमलं तर नळ ठेवायचा.

मी नळ बंद केला, समुद्राचं भोक बुजवलं आणि रोवळी पुन्हा घातली. मशीनला पुन्हा धाप. मंगळवारी दिवसभर डोकं धरून बसले होते आणि तुमचं ते अर्धवट तोडलेलं वाक्य आठवलं. जमनीक घाई नसता, तिका रोज कित्याक बघतस. खरंच की. जमिनीतलं पाणी इतकं सावकाश चालतं की ते क्षणाक्षणाला बघायची गरजच नाही. आमच्या जगातल्या दहा दिवसांतून एकदा बघितलं तरी पुरे. मी तेवढाच बदल केला आणि खेळ लोण्यासारखा चालायला लागला. तीन दिवसांचं काम होतं, अण्णा. उत्तर तुमच्या तोंडात होतं आणि मी ते तिथेच अडवलं. त्या दिवशी नीट ऐकून घेतलं असतं तर तुम्ही ती नदी बघून गेला असतात.

गुरुवारी दुपारी घरून मी पूर्ण वर्षाची चाचणी लावली. आई मंडळात गेल्या नव्हत्या, सध्या जात नाहीत. त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या स्क्रीनकडे कधी बघितलं नव्हतं. मी त्यांना बसायला दिलं आणि का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. खोटं बोलले ते आणि चावी फिरवायचं ते वाक्यही, जसंच्या तसं.

मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ दे गो, त्यांनी मनावर घेतलं नसेल. आईंना तसं बोलता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. त्या म्हणाल्या, "लागला तेंका. दोन दिवस जेवणात लक्ष नव्हता." मग स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "पण तेच्यासाठी नाय उठले ते."

आणि त्यांनी मला घाटकोपरच्या खोलीची गोष्ट सांगितली. महेश पोटात होता तेव्हाची. आईंना रांगेत उभं राहवायचं नाही, म्हणून तुम्ही आपल्या गल्लीची चावी रोज दहा मिनिटं उशिरा बंद करायचात. दहाच मिनिटं. एका सकाळी डोंगरावरच्या शेवटच्या गल्लीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन आपल्या दारात आल्या. भांडायला नाही, विचारायला. अण्णा, आमच्याकडे करंगळीएवढी धार येते, काय बिघडलंय ते बघाल का? तुम्ही बघतो म्हणालात आणि दुसऱ्या दिवसापासून चावी वेळेवर बंद झाली. त्या बायका तुम्हाला दुवा देत राहिल्या. खरं काय ते तुम्ही त्यांना कधीच सांगितलं नाहीत.

"तुमचा भांडाण झाला त्या रात्री माका म्हणाले," आई म्हणाल्या, "'तिका बोलूचो माका काय अधिकार? मी पण नळच ठेवलेलंय.' तुझ्यासमोर बसूची लाज वाटत होती तेंका. राग नव्हतो गो."

मी चार आठवडे तुमची पाठ बघत होते आणि मला तो राग वाटत होता. मी एकदा जरी येऊन सॉरी म्हटलं असतं, तरी तुम्हालाही ते सांगता आलं असतं. आपण दोघं गॅलरीत बसून एकमेकांना सांगितलं असतं आणि चहा घेतला असता. ते झालं नाही आणि आता होणार नाही, याचं मला इतकं वाईट वाटतंय अण्णा, की लिहितानाही हात थांबतो.

स्क्रीनवर वर्ष पुढे सरकत होतं. पाऊस संपला आणि नदी हळूहळू बारीक व्हायला लागली, तुम्ही म्हणाला होतात तशी. सात चौकोन, सहा, चार. आमच्या जगातल्या चैत्रात एकच चौकोन राहिला आणि मग नदीची डबकी झाली. गावातल्या बाहुल्या लांबच्या विहिरीला चालत जायला लागल्या. एक आकडा वाढवला असता तर नदी वर्षभर वाहिली असती. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मग ढग आले, पाऊस लागला. आई पुढे वाकल्या. डोंगरावर धो धो पडत होतं आणि नदीचं पात्र कोरडंच.

"पाणी इला काय गो?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून, आई. जमीन पितेय सगळं."

"पिऊंदे," आई म्हणाल्या. "तानेली हा ती."

आम्ही दोघी बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग माथ्याखालचा एक चौकोन निळा झाला. मग त्याच्या खालचा. एका खड्ड्यापाशी पाणी अडलं, खड्डा भरेपर्यंत थांबलं आणि पुढे सरकलं. वळण घेतलं, जंगल ओलांडलं. गावाच्या घाटाची पहिली पायरी भिजली तशी आईंनी मान वळवली आणि गॅलरीकडे बघून मोठ्याने हाक मारली, "अहो, इला हो पाणी!"

हाक मारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी त्यांचा हात धरला आणि त्या बघत होत्या तिकडेच बघून म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं."